राजगड ते रायगड, सॅक पाठीवर घेऊन: पाच दिवसांच्या डोंगरयात्रेची सुरुवात कशी करावी

एका दिवसाचे ट्रेक बरेच झाले, आता सलग चार-पाच दिवस डोंगरात राहायचं आहे, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी एकच वाट सुचवतो. राजगडावर चढायचं, संजीवनी माचीवरून उतरून धारेने तोरणा गाठायचा, बुधला माचीकडून पश्चिमेला मोहरीच्या पठारावर जायचं, नाळेने, म्हणजे पाण्याच्या घळीतून, कोकणात उतरायचं आणि शेवटी रायगड. शिवरायांच्या पहिल्या राजधानीपासून दुसऱ्या राजधानीपर्यंत. गड, धार, रान, घाटमाथा, नाळ आणि कोकण, सह्याद्रीत जे जे आहे ते सगळं या एका वाटेवर भेटतं.

ही वाट पूर्ण होणार की अर्ध्यावर सुटणार, हे बहुतेक वेळा पहिल्या दीड दिवसात ठरतं. त्यातलाही मोठा भाग घरी सॅक भरतानाच ठरलेला असतो. म्हणून या लेखात तयारी आणि पहिले दोन दिवस सविस्तर आहेत, पुढचे दिवस थोडक्यात.

मी हे अनुभवाने सांगतो. पहिल्यांदा या वाटेला लागलो तेव्हा माझी सॅक 18 किलोची होती. दोन किलो बटाटे, कांदे, स्टीलचे डबे, जीन्सची जादा पँट, सगळं होतं. राजगड कसाबसा चढलो. दुसऱ्या दिवशी अळू दरवाज्याखालच्या घसाऱ्यावर डाव्या गुडघ्यात कळ आली आणि प्रत्येक पायरीला सॅक मला पुढे ढकलू लागली. राजगड आणि तोरण्याच्या मधल्या खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो, तिथे मी बसलो. सोबतचे चौघे तोरण्याच्या सोंडेवर ठिपक्याएवढे होईपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिलो आणि मग मिळेल त्या गाडीने वेल्ह्याला गेलो. बटाटे तसेच्या तसे घरी परत आले.

कधी जायचं

नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. त्याआधी गवत कमरेएवढं असतं, कारवीत वाट बुडालेली असते आणि कातळावर शेवाळ असतं. फेब्रुवारीनंतर धारेवरचं पाणी आटत जातं, गवत वाळतं, वणव्याची भीती वाढते आणि दुपारी अकरानंतर उघड्या सोंडेवर चालणं म्हणजे शिक्षा. पावसाळ्यात या वाटेचा विचारही करू नका. नाळ म्हणजे घाटमाथ्यावरचं पाणी कोकणात उतरण्याची वाट, आणि ते पाणी दगडधोंडे घेऊनच उतरतं.

राजगड आणि रायगड हे दोन्ही किल्ले 2025 साली ‘मराठा लष्करी स्थापत्य’ म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. गडावर मुक्काम करता येतो की नाही, याचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यात आणि तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्यात फोन करून विचारा. मनाई असेल तर आदल्या रात्री गुंजवण्यात राहा, भल्या पहाटे राजगड चढा, आणि त्याच दिवशी संजीवनीवरून उतरून खिंडीच्या आसपासच्या वस्तीत मुक्काम धरा. नियम मोडून गडावरच्या देवळात झोपायचं नाही. आपल्यामागून येणाऱ्यांसाठी दार बंद होतं.

सहा आठवडे आधी

पाय बनवायला वेळ लागतो, आणि जिममधले पाय डोंगरात पुरत नाहीत. पुण्यात असाल तर सिंहगड, अतकरवाडीच्या वाटेने. मुंबईच्या बाजूला असाल तर विकटगड, नाशिकला असाल तर अंजनेरी. दर शनिवारी किंवा रविवारी एकदा, आठवड्यात मध्ये दोनदा जिने.

पहिले दोन आठवडे रिकाम्या पाठीने जा. मग सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरायला लागा: आधी 5 लिटर, मग 8, मग 11. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे वजन मोजायला काटा लागत नाही. माथ्यावर पोचलात की बहुतेक पाणी झाडांना घाला आणि हलक्या सॅकने उतरा. चढताना दम वाढतो, पण गुडघे बिघडतात ते उतरताना, आणि ते जपायचे आहेत. शेवटच्या दोन आठवड्यांत मात्र अर्धं वजन घेऊन उतरायचीही सवय करा, कारण या वाटेवर उतार फार आहेत. 10 किलो पाठीवर घेऊन, शेजारच्याशी बोलत बोलत, दीड-पावणेदोन तासांत सिंहगड चढता आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना कठड्याला धरावं लागलं नाही, तर तुम्ही तयार आहात.

बूटही याच काळात घालून घ्या. नवे कोरे बूट घेऊन ट्रेकला निघणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. महागडेच हवेत असं नाही. सह्याद्रीच्या कातळावर पकड घेणारा रबरी तळवा आणि बोटांपुढे अंगठाभर जागा, एवढं पाहा. दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. जाड मोजे घालूनच माप घ्या.

सॅक

नियम साधा: भरलेली सॅक, पाण्यासकट, तुमच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जड नको. 65 किलोच्या माणसाला 13 किलो. ते कसं बसतं ते पाहा. रिकामी सॅक (55 ते 60 लिटरची) 2 किलो. स्लीपिंग बॅग 1.2, मॅट 400 ग्रॅम. तंबू तिघांत वाटून माणशी 1.3. कपडे 1.2. खाणं 2.4. पाणी 3. शेगडी, गॅस, भांडी वाटून अर्धा किलो. बॅटरी, औषधं, दोरीचा वाटा, किरकोळ मिळून 800 ग्रॅम. झाले पावणेतेरा. यात बटाट्याला जागा नाही.

कपड्यांत दोन जोड पुरतात. एक चालण्याचा, रोज तोच, घामाने खारवला तरी चालेल. दुसरा फक्त झोपण्याचा, प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा. पूर्ण बाह्यांचा शर्ट घ्या, कारवी आणि काटेरी झुडपं हात सोलून काढतात. मोजे तीन जोड. कानटोपी आणि एक उबदार जाकीट, कारण डिसेंबर-जानेवारीत मोहरीच्या पठारावर पहाटे चांगलंच गारठतं. सुती कपडे ओले झाले की वाळत नाहीत, ते टाळा.

भरताना आधी सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घाला, मग त्या पिशवीत सामान. तळाशी स्लीपिंग बॅग आणि झोपायचे कपडे. जड वस्तू, म्हणजे शिधा, गॅस आणि जादा पाणी, मध्यभागी आणि पाठीला चिकटून. बाहेरच्या बाजूला आणि वर हलकं सामान. वरच्या कप्प्यात बॅटरी, औषधं, दिवसाचा खाऊ, टोपी. सॅकला बाहेरून काहीही लोंबकळवू नका. चहाचा मग, पातेली, चपला कारवीत अडकतात आणि अवघड जागी तोल घालवतात.

सॅक चढवण्याचीही पद्धत आहे, आणि ती घरीच शिकायची. सगळे पट्टे सैल करा. सॅक आधी मांडीवर घ्या, एक हात खांद्याच्या पट्ट्यात घाला, वळून दुसरा. आता थोडं पुढे वाका, कमरेचा पट्टा कमरेच्या हाडावर आणा (पोटावर नाही, हाडावर) आणि घट्ट आवळा. मग सरळ उभे राहून खांद्याचे पट्टे ओढा, खांद्याला नुसते टेकतील इतकेच. त्यानंतर खांद्यावरून सॅककडे जाणारे छोटे पट्टे, आणि शेवटी छातीचा. आता खांदा आणि पट्टा यांत दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. वजन कमरेवर बसलं की 13 किलो 13 किलो वाटत नाहीत. खांद्यावर राहिलं तर तासाभरात मान धरते.

शिधा आणि पाणी

गावात ताजं जेवण मिळतं, गडांवर आणि धारेवर ते आपल्याला न्यावं लागतं. मी माणशी एका जेवणाला तांदूळ आणि मुगडाळ मिळून दीडशे ग्रॅम धरतो, मसाला-मीठ-हळद आधीच मिसळून एकेका वेळची पुडी बांधतो. सकाळी पोहे किंवा मेतकूट-भात. दुपारी चूल नाही: दशम्या, ठेपले, चटणी, पहिल्या दोन दिवसांत संपवायचे. चालताना गूळ-शेंगदाणे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की. खिशात ठेवा, दर तासाला थोडं खा. भूक लागल्यावर खाणं म्हणजे उशीर झाला.

पाण्याची क्षमता माणशी 4 लिटर हवी, निघताना 3 भरलेलं. राजगडावर पद्मावती माचीवर आणि तोरण्यावर मेंगाईच्या देवळाच्या परिसरात टाक्यांचं पाणी असतं, पण त्या दोहोंच्या मधली धार कोरडी समजूनच निघा. वस्तीत ताक-लिंबूपाणी मिळालं तर आनंद, मिळेलच असा हिशेब करू नका. टाक्याचं पाणी फडक्याने गाळा आणि उकळा, किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. टाक्यात भांडी बुडवायची नाहीत, हातपाय धुवायचे नाहीत. दगडात खोदलेली ती पाण्याची साठवण शेकडो वर्षं जपली गेली म्हणून आज आपल्याला प्यायला मिळते.

ओआरएसची पाकिटं बरोबर ठेवाच. संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

माणसं, वाटाड्या आणि घरची चिठ्ठी

चार ते सहा जण उत्तम. त्यातला एक तरी ही वाट चाललेला असावा. नसेल तर निदान दोन टप्प्यांना स्थानिक वाटाड्या घ्याच: तोरणा ते मोहरी, आणि मोहरीतून नाळेने खाली. मोबाइलमध्ये नकाशा उतरवून घ्या, वाटेची जीपीएक्स फाइल ठेवा, पण डोंगराच्या पदरातल्या, म्हणजे कड्याखालच्या सपाटीवरच्या, रानात ढोरवाटा इतक्या फुटतात की पडद्यावरची रेघ आणि पायाखालची वाट जुळत नाहीत. गावातल्या माणसाला मात्र कुठली वाट गुरांची आणि कुठली माणसांची हे मातीवरून कळतं. मानधन आधी विचारून ठरवा, घासाघीस करू नका, आणि परत एकट्याला चढून जायचं असतं हे लक्षात ठेवून लवकर मोकळं करा.

घरी एक कागद ठेवा. त्यावर कोणत्या रात्री कुठे मुक्काम, सोबत्यांचे आणि गावातल्या ओळखीचे फोन, आणि “अमुक तारखेला रात्री 9 पर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करा” एवढं स्पष्ट लिहा. आपत्कालीन सेवेसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108. डोंगरातल्या अपघातांसाठी महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर आहे, ज्यात राज्यभरच्या गिर्यारोहण संस्थांचे स्वयंसेवक जोडलेले आहेत. त्यांचा मदत क्रमांक निघण्याआधी मिळवून कागदावर लिहा, फोनची बॅटरी संपली तरी कागद उरतो.

पहिला दिवस

पुण्याहून येताना सातारा रस्त्याने नसरापूर फाटा, तिथून मार्गासनीमार्गे गुंजवणे. सकाळी 9 पर्यंत पोचा. चहा घ्या, पाणी भरा, पायांची नखं कापली आहेत ना ते पुन्हा एकदा बघा. वाढलेलं नख उतारावर बुटाच्या टोकाला आपटून काळं पडतं.

पहिला अर्धा तास मुद्दाम हळू चाला. गावाबाहेर पडताना सगळ्यांच्या अंगात जोर असतो, गड समोर दिसत असतो, आणि तिथेच गट फाटतो. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढून दुसरा ठेवा. वेग इतकाच की वाक्य न तोडता बोलता यावं. वीस मिनिटांनी एकदा थांबा: जाकीट काढा, पट्टे पुन्हा बसवा, आणि कुणाच्या टाचेला चुरचुरतंय का ते विचारा. चुरचुर म्हणजे फोड येण्याआधीची सूचना. तिथल्या तिथे बूट काढून, घाम पुसून, चिकटपट्टी लावली तर काम भागतं. “पुढच्या थांब्याला बघू” म्हटलं की संध्याकाळी रुपयाएवढा फोड तयार. लाज वाटून गप्प बसणारे नवे सोबती मी पाहिले आहेत, म्हणून हा प्रश्न म्होरक्यानेच विचारायचा.

चोर दरवाज्याची वाट सॅक घेऊन अडीच-तीन तासांची. शेवटच्या टप्प्यात कातळ आणि खोदीव पायऱ्या लागतात, आधाराला कठडे आहेत. इथे छातीचा पट्टा आवळा, काठ्या सॅकमध्ये घाला, दोन्ही हात मोकळे ठेवा, एका वेळी एकच माणूस. सॅक मागे ओढते, त्यामुळे शरीर कातळाकडे झुकलेलं हवं. दरवाज्यातून वाकून आत शिरलं की थेट पद्मावती तलाव समोर येतो. सॅक अडकते तेव्हा घाबरू नका, एक पाऊल मागे येऊन कूस बदला.

दुपारी जेवून झोपू नका. सॅक ठेवा आणि रिकाम्या पाठीने संजीवनी माची शेवटपर्यंत चालून या. अळू दरवाजा नीट पाहून घ्या, खालची वाट कुठे वळते ते बघा, पश्चिमेकडे तोरणा आणि मधली धार डोळ्यांनी चाला. उद्या सकाळी अर्धवट उजेडात हीच ओळख उपयोगी पडते. परतताना सुवेळा माचीकडे वळायचा मोह होईल. वेळ असेल तरच.

रात्री सगळ्यांनी सॅक उघडून दाखवायच्या. आज न वापरलेली, उद्याही न लागणारी वस्तू कोणती? पहिल्या रात्रीपर्यंत गुंजवणे खाली हाकेच्या अंतरावर आहे, जादा सामान उतरून जाणाऱ्या माणसाबरोबर खाली पाठवता येतं. त्यानंतर ती सोय संपते.

दुसरा दिवस: राजगड ते तोरणा

उजाडता उजाडता अळू दरवाज्यात हवेत. एरवी सहा-सात तासांची चाल, सॅक घेऊन आठ धरा. सुरुवातीचा उतार घसाऱ्याचा. पाऊल सपाट टाका, टाचेवर नको. गुडघे किंचित वाकलेले, पावलं लहान, दोन माणसांत पाच-सहा हातांचं अंतर, कारण वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याकडे जातो. दगड सुटला की मोठ्याने “दगड!” ओरडायचं, काही बोलत बसायचं नाही.

पुढे कारवीच्या रानातून धार चढत-उतरत खिंडीतल्या डांबरी रस्त्याला लागते. हा रस्ता म्हणजे या वाटेवरचा प्रामाणिक प्रश्न आहे. इथे थांबून प्रत्येकाने स्वतःच्या गुडघ्यांना, टाचांना आणि दमाला विचारायचं. कुणाला वेल्ह्याला उतरायचं असेल तर हीच जागा, आणि सोबत एकाने जायचं. मी त्या दिवशी उतरलो, त्याचं मला वाईट वाटलं, पण चूक वाटली नाही. दोन वर्षांनी 12 किलोच्या सॅकने त्याच रस्त्यावर पाच मिनिटंही न थांबता पुढे गेलो.

बुधल्याकडचा शेवटचा चढ उभा, उघडा आणि कातळाचा आहे, आणि तो दुपारी येतो, पाणी संपत आलेलं असताना. म्हणून रस्त्याला पोचताना निदान दीड लिटर शिल्लक हवं. कातळावर आग्या मोहोळं दिसली तर आवाज, धूर, अत्तर, काहीच नको. गुपचूप पुढे सरका. समुद्रसपाटीपासून 1403 मीटर उंचीच्या प्रचंडगडावर, म्हणजे तोरण्यावर, पोचलात की मेंगाईच्या देवळापर्यंत अजून बरंच चालायचं असतं, तेवढी ताकद राखून ठेवा.

दगडांत बसताना, हात घालताना बघून. सह्याद्रीत फुरसं दगडाच्या रंगाचंच असतं. दंश झालाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. अंगठी-कडं काढा, अवयव हलू देऊ नका, आणि माणसाला उचलून शक्य तितक्या लवकर सरकारी रुग्णालयात, प्रतिसर्पविषापर्यंत न्या.

पुढचे तीन दिवस

तिसरा दिवस लांबचा. बुधला माचीकडून उतरून सोंडेने, रानातून, वाटेतल्या वस्त्यांना विचारत मोहरी. इथे गावात सांगून ठेवलं असेल तर रात्री गरम भाकरी-पिठलं मिळतं, त्यासाठी त्या दिवशीचा शिधा कमी घ्या. मोहरीपर्यंत गाडीरस्ता आहे, म्हणजे ही बाहेर पडण्याची दुसरी जागा. संध्याकाळी पाय उरले असतील तर रायलिंगच्या पठारावर जा. समोर लिंगाणा, त्याच्या मागे रायगड, आणि मधली दरी पायाखाली. उद्या कुठे उतरायचं आहे ते तिथून कळतं.

चौथ्या दिवशी नाळ. बोराट्याची नाळ अवघड आहे: प्रचंड धोंडे, आणि पुढे नाळ सोडून लिंगाण्याच्या खिंडीकडे आडवं जाताना अरुंद, दृष्टिभय असलेला टप्पा. पहिल्याच मोठ्या ट्रेकला, सॅक घेऊन, मी सिंगापूरच्या नाळेने उतरा असंच सांगेन. बोराट्याचीच घ्यायची असेल तर वाटाड्या आणि दोर दोन्ही हवेत. कोकणात उतरलात की हवा बदलते, घाम चिकट होतो, पाणी जास्त लागतं. रायगडाच्या घेऱ्यातल्या एखाद्या गावात मुक्काम करा, त्याच दिवशी गड चढायचा हट्ट नको.

पाचव्या सकाळी सॅक गावातच ठेवा. चित दरवाज्याकडून दीड हजाराच्या आसपास पायऱ्या रिकाम्या पाठीने चढा, जगदीश्वरापुढे आणि महाराजांच्या समाधीपुढे थोडा वेळ शांत बसा. उतरल्यावर पाचाडला जिजाऊंच्या समाधीचं दर्शन घेऊन महाडची गाडी धरा.

कचरा सगळा परत न्यायचा, दुसऱ्याचा जमेल तितका. शौचासाठी पाण्यापासून 70 पावलं तरी लांब, खुरप्याने वीतभर खड्डा, मग माती. गवतात शेकोटी नको.

घरी आल्यावर आंघोळीआधी सॅक जमिनीवर पालथी करा आणि तीन ढीग लावा: रोज वापरलं ते, एकदाच वापरलं ते, आणि सॅकमधून बाहेरच आलं नाही ते. औषधं, बॅटरीचे जादा सेल आणि दोर सोडून तिसऱ्या ढिगातलं सगळं वहीत लिहा. पुढच्या वेळी सॅक भरताना ती वही उघडून समोर ठेवा.